मागच्या बाजूचा लाल ठिपका

शब्द मेला की माणूस मरतो, असं अध्यक्ष म्हणाले आणि ओरोसच्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतले लवू तांडेल त्या वेळी जिवंत होते आणि त्यांना घोटभर पाणी हवं होतं. पाणी फक्त व्यासपीठावर होतं.

'बोलीकोशा'चं प्रकाशन होतं. शब्द सांगणाऱ्यांत लवूंचं नाव छापलंय, ते वाचून दाखव, म्हणून त्यांनी शेजारच्या शर्मिलाला कोपराने ढोसलं. गावच्या वाचनालयात सव्वीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्यात गेलेल्या शर्मिलाने पान उघडलं, आणि फक्त नाव वाचून पुस्तक मिटलं.

पानावर होतं : 'उलांडी – नवऱ्याशी भांडून माहेरी येऊन राहिलेली बाई. सांगणारे : लवू तांडेल, वय ७८.'

यातला प्रत्येक स्वल्पविराम तिला पाठ होता. ते तिनेच लिहिलं होतं.

वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी खेळ चाले. एकाने अडगळीतला शब्द आणायचा, बाकीच्यांनी त्याचा खोटा अर्थ रचायचा. तोही अगदी कोशासारखा, खाली सांगणाऱ्याच्या नावासकट. खऱ्या चिठ्ठीत खोट्या मिसळायच्या. ज्याच्या थापेला जास्त मतं, तो जिंकला. खऱ्या चिठ्ठीच्या मागे लाल ठिपका असे. समितीने शब्द मागवले तेव्हा शर्मिलाने चिठ्ठ्यांचा अख्खा बिस्किटांचा डबा पाठवला, आणि ठिपक्याचं काय ते पत्रात सविस्तर कळवलं. समितीने पत्राला आवक क्रमांक दिला आणि चिठ्ठ्यांची झेरॉक्स काढली. एकाच बाजूची. मग त्यांतल्या मजेदार तेवढ्या निवडल्या.

आठवडाभरात त्या पानाचा फोटो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला. लवूंची मुलगी भक्ती गणपतीपासून माहेरी होती. का होती, ते तिच्या हातावरच्या डागांवरून कळत होतं. पण ते कुणी कोशात घातलं नव्हतं. ती मासळी घेऊन तिठ्यावर आली की रिक्षावाले आता हाक मारत, "काय गो उलांडी, भाव काय?" आणि बापानेच मुलीला नाव ठेवलं, हे तर छापीलच होतं.

लवू वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसले. आत आले नाहीत.

"ह्या माझ्या तोंडात कोणी घातल्यान, गो? चाळीस वर्सां होडयेक उलांडी बसवलंय मी. होडी कलंडा नये म्हणान बाजूक बांधतत ता लाकूड. आणि माझ्या चेडवाक…"

"ता मीच लिवलंय, लवूकाका. खेळात."

लवू तिच्याकडे वळले.

"मगे? जिंकलंस?"

"होय."

ते उठून गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर शर्मिलाला जेवण गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीने ओरोसला गेली. समितीच्या सचिवांनी तिला खुर्ची दिली आणि तिची नोंद सगळ्यांना फार आवडल्याचं सांगितलं. शुद्धिपत्र काढा, ती म्हणाली. सचिव दुखावले. शुद्धिपत्रासाठी आधी चूक झाल्याचा ठराव लागतो, आणि ठराव करणारी समिती प्रकाशनाच्या दिवशीच विसर्जित झाली होती.

"आणि बाई, शेवटी कोश लोकांनी वाचला पाहिजे. नुसतं लाकूड-बिकूड कोण वाचतो?"

"माझं पत्र वाचलं होतंत?"

"आवक आहे ना त्याची."

शर्मिलाने टेबलावरचा पेपरवेट उचलला. सचिव खुर्चीसकट मागे सरकले. तिने तो पुन्हा होता तिथे ठेवला, थोडा जोरात. काच तडकली. टेबल सरकारी होतं, याचं तिला समाधान वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच.

वाचनालयात परतल्यावर तिने कोशाची प्रत काढली. पुस्तकात पेन्सिलीची रेघ दिसली तरी सभासदाला उभं करून झापणाऱ्या शर्मिलाने पट्टी लावून ती नोंद शाईने खोडली. वर लिहिलं : 'होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ते लाकूड.' पान उलटून मागे लाल ठिपका दिला. मग समितीकडून रिकामाच परत आलेला बिस्किटांचा डबा कचऱ्यात टाकला. गुरुवारी कुणी आलं, तर वाचनालयाला कुलूप होतं.

पुढे वार्षिक तपासणी झाली. ग्रंथ विद्रूप केल्याबद्दल शर्मिलाला लेखी समज मिळाली. प्रत पुरावा म्हणून तपासली गेली, तेव्हा मागचा मुदतीचा कागदही बघितला.

त्यावर एकही तारीख नव्हती. कोश अजून कुणीच वाचायला नेलेला नाही.