गोठ्यातल्या कॉम्प्युटरांचा थोरला

त्या रविवारी दुपारी आबा शिडीवर चढून गोठ्याच्या वाशाला वायर ठोकत होते आणि त्यांची लेक स्नेहल खाली शिडी धरून उभी होती. मित्रांनो, आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस. त्यात काही वेगळं आहे असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. आंदर मावळातल्या या घरात मला थोरला म्हणतात, कारण आबांनी माझ्या कपाळावर पांढऱ्या रंगाने तसं लिहिलं आहे. तळेगावजवळच्या एका कारखान्याच्या कचेरीत मी सहा वर्षं राबलो. मग नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. आबा, म्हणजे मारुतीभाऊ, तिथे हेल्पर होते. भंगारात निघालेल्या मला त्यांनी मागून घेतलं, गोधडीत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन घरी आणलं.

"ह्ये काय आनलंत?" रतनबाई, स्नेहलची आई, दारातच म्हणाली. "आनी ह्याला जेवायला काय घालायचं?"

"लाईट," आबा म्हणाले. "ती बी आसंल तवा."

माझ्यामागून आणखी तिघे आले. गाई विकल्यामुळे गोठा रिकामाच होता. डोंगराआड मोबाइलला रेंज नाही, म्हणून आबा तळेगावहून शाळेचे धडे पेनड्राइव्हमध्ये भरून आणत आणि माझ्यात ठेवत. माझ्यापासून एका छोट्या स्विचकडे, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या डबीकडे, वायर; स्विचपासून त्या तिघांकडे. कुणीही कुठल्याही कॉम्प्युटरवर बसो, धडा माझ्याकडून जाई आणि लिहिलेलं माझ्याकडे येऊन राही.

हे सगळं आबा कुठे शिकले? कारखान्यात दुरुस्तीला माणसं येत, तेव्हा त्यांची बॅटरी धरून उभे राहत. पाहिलेलं घरी येऊन जुन्या गेटपासाच्या पाठीवर काढत. स्नेहल तेव्हा दहावीत होती. तिला समोर बसवून त्यांनी वायरीतल्या आठ तारा रंगांच्या क्रमाने लावायला शिकवल्या. तार चुकली की टोक कापून टाकत आणि शांतपणे म्हणत, "परत." अकरा वेळा कापलं. बाराव्या वेळी स्विचवर हिरवा दिवा लागला आणि पोरगी गोठाभर नाचली.

मात्र गावातून शिकायला कुणी येईना. शेजारचे भिमाजी तोंडावरच म्हणाले, "हेल्परच्या हातचं यंत्र ते! पोरीला शॉक बसंल यखाद्या दिशी." पुढे स्नेहलला हिंजवडीत नोकरी लागली आणि आबा सगळ्यांना सांगू लागले, "माज्या पोरीनं बसवलंय." आठवड्याभरात भिमाजी स्वतः आपल्या लेकीला, सारिकाला, घेऊन आले. पाठोपाठ वाडीवरच्या पोरी आल्या. आबांचं ते सांगणं स्नेहलने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने काही बोलायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

"नाव कुनाचं का आसंना," आबा रतनबाईला म्हणाले. "पोरी येत्यात ना?"

त्या रविवारीही रस्त्याने जाता जाता भिमाजी ओरडले, "भाऊ, खाली उतरा! पोरीचं काम पोरीला करू द्या. उगं लुडबुड!"

"व्हय रं बाबा, म्या आपला हमाल!" आबा वरून हसले. स्नेहल शिडी धरून उभी होती. संध्याकाळच्या जीपने पुण्याला गेली.

मंगळवारी सकाळी बांधावर आबांच्या छातीत कळ आली. जीप कामशेतच्या दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले.

पुढचं मला माहीत नाही. मी पुन्हा चालू झालो तेव्हा माझ्या घड्याळात बारा दिवस गहाळ होते. माझ्यावर पंगतीच्या ताटांची चवड होती. माणसांना बसायला जागा करताना कुणीतरी माझी स्विचकडे जाणारी वायर ओढून तोडली होती.

मित्रांनो, धूळ मी सोसतो. पाली सोसतो, मुंग्याही सोसतो. मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी असं काही जोडत बसत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. हे कसं केलंत, ते विचारा. आणि चार माणसांत त्याचं नाव घ्या. तो ऐकतो आहे तोवर घ्या.

तेरावं झालं त्या दुपारी पोरी वह्या घेऊन गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. परीक्षा तोंडावर आली होती. ताटं उचलून स्नेहल माझ्यासमोर मांडी घालून बसली. तुटलेलं टोक तिने कापलं, तारा सोडवल्या. पहिल्यांदा चुकलं. तिने पुन्हा कापलं. दुसऱ्यांदा दिवा लागला.

मागे उभे असलेले भिमाजी तेराव्याला आलेल्या पाहुण्यांकडे वळले. "बगा! हिनं ह्ये उबं केलं म्हनून गावच्या पोरी शिकत्यात. भाऊ बिचारा अडानी मानूस, पर लेक लय हुशार निगाली."

स्नेहलने हातातली पक्कड खाली ठेवली.

"भिमाजीकाका, मी नाही बसवलं हे."

"आं?"

"यातलं माझं काहीच नाही. सगळं आबांनी केलं. मलासुद्धा त्यांनीच शिकवलं."

"आगं, पर भाऊच तर सांगायचं..."

"ते सांगायचे. आणि मी ऐकून घ्यायचे."

पोरी दारातच थांबल्या. स्नेहल माझ्याकडे बघत होती, पण बोलत होती ते माझ्याशी नव्हे.

"कॉलेजात पहिल्या वर्षी वर्गात एकटीला मला वायर जोडता आली. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, कोणी शिकवलं? मी म्हणाले, व्हिडिओ बघून." ती थांबली. "माझे वडील कारखान्यात हेल्पर आहेत, त्यांनी शिकवलं. एवढंच म्हणायचं होतं, आबा. एवढंच."