तिसऱ्या घरातलं पाणी

लग्नानंतर चौथ्या दिवशी सासरे मला खरेदीला घेऊन गेले आणि आम्ही हायड्रोमीटर घेऊन परत आलो. माझ्या मैत्रिणींना हे अजून खरं वाटत नाही. पण ज्या घराच्या तळमजल्यावर बॅटऱ्या दुरुस्त करण्याचं दुकान आहे आणि जिथे जिन्यातसुद्धा अ‍ॅसिडचा आंबूस वास भरलेला असतो, तिथे सुनेचं कौतुक असंच होणार. सासऱ्यांचा हात अलीकडे कापायचा. त्यातच जुना हायड्रोमीटर फुटला. नवा जिच्या हातात राहणार तिनेच निवडावा, असं त्यांचं म्हणणं.

दुकानदाराने समोर पाच-सहा मांडले. रंगीत गोळ्यांचा स्वस्तातला सासऱ्यांनी बोटाने बाजूला सारला. "गोळ्या नुसतं बरं की वाईट एवढंच सांगतात. अ‍ॅसिड किती दाट आहे त्याचा आपल्याला आकडा पाहिजे." मग त्यांनी मला एकेक दाखवलं. काचेची नळी सरळ हवी, वरचा रबरी फुगा दाबून सोडला की लगेच भरायला हवा, आणि आतली मासोळी, म्हणजे आकडे लिहिलेला काचेचा तो तरंगणारा तुकडा, नळीच्या भिंतीला चिकटता कामा नये. शेवटी त्यांनी पेलाभर डिस्टिल्ड वॉटर मागून घेतलं. "शुद्ध पाण्यात बरोबर हजार दाखवतो तोच खरा. काहीच नाही, हे ज्याला ओळखता येत नाही त्याला बाकीचं काय कळणार?" तिघांनी हजार दाखवला. त्यांतला ज्याची मासोळी सगळ्यांत आधी स्थिर झाली तो मी उचलला.

"शांत आहे," मी म्हणाले.

"तुझ्यासारखी," सासरे म्हणाले.

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी तरुणपणी, लग्नाआधी, स्वतः जुळवलेली एक बॅटरी होती. तिच्यावर काहीच चालत नसे. तिला अधूनमधून चार्जिंगला लावायचं आणि रोज सकाळी तपासायचं, एवढंच. आतल्या प्लेटा कितीदा बदलल्या, पण पाणी, म्हणजे आतलं अ‍ॅसिड, तेच, असं सासरे अभिमानाने सांगत. बॅटरीतल्या कप्प्याला घर म्हणतात. हिला सहा घरं होती आणि ती माणसांना वाटलेली होती. पहिलं सासऱ्यांचं, दुसरं सासूबाईंचं, तिसरं माझ्या नवऱ्याचं, चौथं दूर नोकरी करणाऱ्या नणंदेचं, पाचवं वारलेल्या काकांचं. घरातला जुना विनोद होता तो. सहावं नुसतंच भरून ठेवलेलं होतं. "आता तुझं," सासूबाई म्हणाल्या, आणि मला उगाचच भरून आलं.

काम सोपं होतं. एकेका घराचं बूच काढायचं, नळीत पाणी ओढायचं, डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचायचा, भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहायचा. सगळं झालं की हायड्रोमीटर तीन पाण्यांनी धुऊन खुंटीला उभा टांगायचा. आडवा ठेवला की त्याची चाल बिघडते. सासूबाईंनी मात्र एकच गोष्ट बजावली होती. "ज्या घरातून घेतलंस, त्याच घरात परत. बाकी काही चुकलं तर चालेल."

सासूबाई फारसं बोलत नसत, पण घर त्यांच्या मुठीत होतं. सासरे ह्याच घरात जन्मले, तरी दिवसातून दहा वेळा त्यांची हाक यायची, "अगं, चमचे कुठे असतात आपल्याकडे?" आणि सासूबाई म्हणायच्या, "जन्म गेला इथे, आणि चमचे मला विचारा!" आम्ही सगळे हसायचो. सासरेही हसायचे.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. तिसऱ्या घरातून पाणी ओढलं होतं, मासोळी बाराशे पन्नासवर उभी होती, आणि नवरा दारातून म्हणाला, "आत येऊ का? की मासोळी घाबरेल?" मी हसून वळले आणि बोलता बोलता फुगा दाबला. खाली बघते तर नळीचं तोंड सहाव्या घरावर. सगळं माझ्या घरात गेलं होतं.

तो शीळ घालत निघून गेला. तिसऱ्या घरातली पातळी उतरली होती. मी बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर घालून ती सारखी केली आणि बूच लावलं. तशाने पातळी भरलेली दिसते, पण आतलं आणखी पातळ होतं. हे मला तेव्हा माहीत होतं की नव्हतं, ह्याचा मी अजूनही विचार करते.

त्यानंतर मी फार लवकर रुळले, असं सगळे म्हणू लागले. बटणांचा डबा कोणत्या कपाटात, जिन्याची कोणती पायरी वाजते, स्वयंपाकघराची खिडकी कुठे ठोसा मारला की उघडते, हे मला विचारावं लागेना. हात आपोआप जायचा. परक्या घरात वावरताना अंग चोरून घ्यायची सवय लागते, ती गळून पडली. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "इथलीच वाटते हो." मला बरं वाटलं. पाटीवर त्या दिवशी तिसऱ्या घरापुढे बाराशे दहा होतं, सहाव्यापुढे बाराशे ऐंशी.

एकदा जेवताना मी सहज म्हणाले, "टाकीच्या शिडीवरून पडले तेव्हा तोंडात नुसती गंजाची चव होती."

सासरे हसले. "पडला हा होता. सात वर्षांचा असताना. ह्याने सांगितलं वाटतं तुला?"

"मी कधी पडलो?" नवऱ्याने विचारलं. मग त्याने हनुवटीवरच्या जुन्या व्रणाला हात लावला आणि बराच वेळ तो बोट फिरवत राहिला, जणू दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्या खिशात आली होती.

मी दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटरलाच दोष द्यायचं ठरवलं. मासोळीला तडा जाऊन आत थेंब शिरला की ती खोटं बोलते. पण आत कोरडं ठणठणीत होतं. आकड्यांची कागदी पट्टी सरकली नव्हती. स्वच्छ पेल्यात डिस्टिल्ड वॉटर घेऊन पाहिलं. बरोबर हजार. एखादं साधन खरं निघाल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. बॅटरी दिवसभर चार्जिंगला लावली. बाकीची घरं वर आली, तिसरं अकराशे नव्वदवर आलं. उतरतच होतं.

नवऱ्याला तोवर दुकानाचं शटर कोणत्या बाजूने आधी उचलायचं ते आठवेनासं झालं होतं. त्याला त्याचं दुःख नव्हतं. "तू आहेस ना," तो म्हणायचा, आणि मी सांगेन तिथे हात लावायचा. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या दुपारी सासूबाई मागच्या खोलीत आल्या. मी म्हणाले, "आई, माझ्या हातून..."

"माहीत आहे. पाटी मलाही वाचता येते." त्यांनी दुसऱ्या घराचं बूच पदराने पुसलं. "माझाही चुकला होता हात. पहिल्याच महिन्यात."

वरून हाक आली, "अगं, माझा चष्मा कुठे आहे?"

"डाव्या खणात, रुमालाखाली!" वर न बघता त्या ओरडल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सुखात असतात हे. बघतेस ना. फक्त विचारावं लागतं."

"तुम्ही परत का नाही घातलं?"

त्यांनी दुसऱ्या घराचं बूच आणखी घट्ट फिरवलं. "घालणार होते," म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

रात्रभर विचार करून मी परत घालायचं पक्कं केलं. मिसळलेलं वेगळं होत नाही, परत जाईल त्यात माझंही थोडं जाईल, जाऊ दे. सकाळी नवरा बाहेरून येण्याआधी मी खाली उतरले. वाजणारी पायरी न बघता टाळली. सहाव्या घराचं बूच काढलं, पाणी ओढलं. मासोळी तेराशेच्या जवळ इतकी उंच तरंगत होती की तिचं डोकं जवळजवळ फुग्याला लागत होतं. नळी तिसऱ्या घरावर धरली. तिथे वाकून पाहिलं तर पाणी अगदी नितळ होतं, पेल्यातल्या डिस्टिल्ड वॉटरसारखं.

मागे दार किंचित वाजलं. नवरा उंबऱ्याबाहेर उभा होता, चपला काढून हातात धरलेल्या, कारण त्या कुठे ठेवायच्या हे त्याला कळत नव्हतं. नव्या जागी माणूस बघतं तसं त्याने आधी छताकडे पाहिलं, मग भिंतींकडे, आणि मग माझ्याकडे बघून अवघडून हसला.

"आत येऊ का?" त्याने विचारलं.

"ये ना," मी म्हणाले. "चपला दाराच्या उजवीकडे, फळीवर."

तो आत आला. हातातली मासोळी जराही हलली नव्हती. मी नळी उचलून सहाव्या घरावर आणली आणि फुगा हळूच दाबला. ज्या घरातून घेतलं, त्याच घरात परत.