तेजबाबाच्या भिंतीवरचे गाल

समोरच्या गोदामापुढची रांग माझ्या फोटो स्टुडिओच्या पायरीपर्यंत आली होती. काठी टाकलेला सुतार, दमा पळालेली एक शिक्षिका, गुडघे मोकळे झालेला बेकरीवाला, सगळे पुडी छातीशी धरून बाहेर पडत होते. आत माइकवर तेजबाबा सुटला होता.

"बघा यांच्या चेहऱ्याकडे! आलं की नाही तेज? रोमारोमांतून विश्वऊर्जा फिरतेय! पण एक दिवस जरी तेजचूर्ण चुकलं, तर शरीर कोसळेल. आणि डॉक्टरला सांगितलंत, तर गुण निघून जाईल!"

बाबाचा गुण मोठा भित्रा होता बुवा. डॉक्टरचं नुसतं नाव काढलं की पळालाच! चूर्णाच्या आधीचा आणि नंतरचा असे प्रत्येक भक्ताचे दोन फोटो भिंतीवर लागायचे. ते काढायची मी. कॅमेऱ्यामागे उभं राहून मनातल्या मनात हसायची, एवढंच.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या मानेत आणि काखेत गाठी आल्या होत्या. रोज संध्याकाळी ताप, रात्री घामाने चादर ओली, जिना चढताना धाप. मोठ्या दवाखान्यातल्या रक्तविकाराच्या डॉक्टरबाईंनी सुईने नमुना घेतला, पण त्यातून काही कळेना. "अख्खी गाठ काढून तपासावी लागेल," त्या म्हणाल्या. "रक्त कमी आहे, आधी जरा ते भरून येऊ दे."

आणि काय आश्चर्य! महिनाभराने शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत ताप गेला, गाठी बसल्या, पोरगी दोन माणसांचं जेवायला लागली. गालही छान भरले. आई तिच्या दुधात रोज ताकदीची पावडर ढवळायची, तिचाच हा परिणाम म्हणायची.

"ताई, बरं वाटतंय गं आता. कशाला कापाकापी?"

"गाठ बसली म्हणजे गेली असं नाही. मुकाट्यानं चल," मी दरडावलं. भीती मलाच जास्त वाटत होती.

दवाखान्यात दाखल केल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. ओठ पांढरेफटक पडले. नर्सने दोनदा पट्टा बांधून पाहिला आणि ओरडली, "डॉक्टर, रक्तदाब लागत नाहीये!"

आईने हंबरडा फोडला. "इथं नर्ससमोर देता आलं नाही, चूर्ण चुकलं! बाबांनी सांगितलंच होतं, कोसळेल म्हणून. सोडा तिला, मी तिकडे घेऊन जाते!"

डॉक्टरबाई गर्रकन वळल्या. "कसलं चूर्ण?"

आई पुटपुटली, "सांगितलं तर गुण जाईल."

"आई, जीव चाललाय तिचा! गुण कसला कवटाळून बसलीस?" मी तिच्या हातातली पिशवी हिसकावली. तळाशी तेजबाबाची पुडी. ताकदीची पावडर म्हणे! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

डॉक्टरबाईंनी आधी शिरेतून इंजेक्शन दिलं, सलाईन जोरात सोडलं. मग दवाखान्याच्या कार्डावरचा तिचा जुना फोटो उचलून बहिणीच्या तोंडाजवळ धरला. "हे गाल असे कधीपासून?"

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. सुताराचे गाल, शिक्षिकेचे, बेकरीवाल्याचे... "डॉक्टर, हेच गाल माझ्या स्टुडिओसमोर तेजबाबाच्या गोदामात भिंतभर लावलेत. फोटो मीच काढलेत!"

तासाभरात रक्तदाब वर आला. बहिणीने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा कुठे मी तिच्या खाटेशी टेकले.

"चूर्णात स्टेरॉइड असणार," डॉक्टरबाई आईला म्हणाल्या. "आत्ता दिलं तेही त्यातलंच. असलं औषध शरीर स्वतःही थोडं बनवतं. बाहेरून महिनाभर फुकट मिळालं की शरीर आपलं काम बंद करतं. मग पुडी एकदम थांबली की माणूस कोसळतो. शाप नाही हो हा! स्टेरॉइडनं सूज उतरते, म्हणून दमा, गुडघे, गाठी, सगळंच बरं वाटतं. चेहरा मात्र सुजतो. आणि हिचा आजार आत तसाच राहिला. आज गाठ काढली असती, तरी तिनं धड उत्तर दिलं नसतं."

प्रयोगशाळेने पुडीत स्टेरॉइडच सापडल्याचं कळवलं. डॉक्टरबाईंनी मात्रा हळूहळू उतरवली. ताप परतला, गाठी पुन्हा वर आल्या. ते दिवस जीव मुठीत धरून काढले. मग गाठ निघाली, तपासली गेली आणि आजाराला नाव मिळालं: कॅसलमनचा आजार. लाखांत एखाद्याला होणारा. कर्करोग नव्हे, पण दुर्लक्ष केलं तर जीव घेणारा.

पुडीचा अहवाल हातात आला, त्याच दिवशी भिंतीवरचे सगळे 'नंतर'चे फोटो मोठे करून मी स्टुडिओच्या काचेत ओळीने लावले. रांग इकडे वळली. डॉक्टरबाईही आल्या होत्या.

"हेच ते तेज!" गोदामातून बाहेर येत बाबा ओरडला.

"मग ते सगळ्यांच्या गालांतच कसं हो साठलं?" मी विचारलं. "एखाद्याच्या तरी डोक्यात जाऊ द्यायचं होतं की!"

डॉक्टरबाईंनी अहवाल वाचून दाखवला. सुताराने संतापून पुडी उगारली, तशा त्या ओरडल्या, "फेकू नका! एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल. उद्या पुडी घेऊन दवाखान्यात या." बाबा मागच्या दाराने सटकायला गेला. तिथे डॉक्टरबाईंनी बोलावलेले पोलीस उभे होते.

आई पुढे झाली. "डॉक्टरपासून लपवलं मी. पोटची पोर जात होती माझ्या हातानं. कुणी काही खायला दिलं, तर आधी विचारा, यात काय आहे? सांगत नसेल तर तोंडाला लावू नका. आणि डॉक्टरपासून काही लपवू नका."

आता बहिणीला दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध देतात. गाल उतरलेत, ताप येत नाही, जिना ती माझ्या आधी चढते. पहिल्या दिवशी नर्स बाटली टांगत असताना आईने भीत भीत विचारलं होतं, "डॉक्टर, यात काय आहे?"

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली, आईच्या शेजारी बसल्या आणि सांगायला लागल्या.