व्हॉल्व्हवरचा हात

मास्तरांनी व्हॉल्व्हच्या चाकावरचा हात काढला, फडक्याला पुसला आणि ते दोन पावलं मागे सरले.

"ये, बाळा."

मुलगी पुढे आली. निळा डगला, जड बूट, केस घट्ट बांधलेले. प्रयोगशाळेच्या मधोमध, भार देणाऱ्या मशीनच्या लोखंडी चौकटीत तिचा बीम आडवा ठेवला होता. साडेतीन मीटर लांबीचा, चार महिने खपून ओतलेला, एकुलता एक. आत नेहमीपेक्षा निम्म्याच सळया, आणि त्यांची कसर भरून काढायला काँक्रीटमध्ये कालवलेल्या केसासारख्या पोलादी तारा. हा बीम अठरा टन पेलेल असं तिचं गणित सांगत होतं. पेलला तर पीएचडी. नाही तर पुन्हा वाळू चाळण्यापासून सुरुवात.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक जाळीपलीकडे खुर्चीवर बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मशीन हीच चालवणार? तुम्ही नाही?"

"मी इथंच आहे की," मास्तर म्हणाले. "कुठं पळून जातोय."

ही मशीन चालवणं हे मास्तरांचं काम. एकतीस वर्षांत या चाकाला परका हात लागला नाही, असं मास्तर सगळ्यांना सांगत. ते पुरतं खरं नव्हतं. आडदांड पोरं मागे लागली की त्यांना ते दोनचार फेरे मारू देत. मुलींच्या हातात मात्र वही ठेवत. 'तू आकडे लिही, बाळा, तुझं अक्षर छान.' यात आपण कुणाचं काही काढून घेतोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी मॅडम त्यांच्याकडे आल्या होत्या. मॅडम म्हणजे या मुलीच्या गाइड, आणि वीस वर्षांपूर्वीच्या याच खोलीतल्या विद्यार्थिनी.

"मास्तर, मी तीन वर्षं लोकांचे आकडे लिहिले," त्या म्हणाल्या होत्या. "माझा स्वतःचा बीम मोडला तेव्हाही माझ्या हातात पेन्सिलच होती. मला चाक दिलं नाहीत, ते राहू द्या. हिला द्या."

मास्तर दोनदा खोकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला सकाळी सातला बोलावलं.

तेव्हापासून रोज सकाळी ती टाकाऊ ठोकळ्यांवर मशीन चालवत होती. मास्तर तिला डोळे मिटायला लावत आणि विचारत, "आता काय तुटलं?" उत्तर चुकलं की म्हणत, "कान आहेत का भिंतीतली भोकं?"

"भोकंच आहेत," ती म्हणे, "पण दोन आहेत. तुमचं एकच चालू आहे."

आज वही होती प्रयोगशाळेतल्या सगळ्यात गप्प लेकराकडे. त्याचं कागदोपत्री एक नाव, आणि स्वतः निवडलेलं दुसरं. हाक मारताना ऑफिसातली माणसं अडखळत. मास्तर सगळ्यांनाच बाळा म्हणत, त्यांचं काही अडत नव्हतं. त्या लेकराचा बीम पुढच्या महिन्यात मशीनवर चढणार होता, आणि सकाळी सातला आता तेही येऊ लागलं होतं.

मुलीने चाक फिरवलं. पंप घुमू लागला.

"सात टन," तिने आकडा सांगितला. "दहा."

तेरावर पहिली चीर दिसली, पेन्सिलीच्या रेघेएवढी. पंधरावर तशा दहाबारा झाल्या. साडेसोळावर ताडकन आवाज झाला, धूळ उडाली आणि काँक्रीटचा एक टवका जाळीवर येऊन आपटला.

परीक्षक उभे राहिले. "थांबवा. सळई गेली."

मास्तरांच्या कानानेही तेच सांगितलं. असा आवाज आला की त्यांनी प्रत्येक वेळी भार उतरवला होता, आणि एकदाही ते चुकले नव्हते. त्यांचा हात आपसूक उठला. चाक दोनच पावलांवर होतं. पण भार एकदा उतरवला, की पुन्हा चढवून मिळालेला आकडा कुणी मानणार नव्हतं.

मुलगी हलली नव्हती. डोळे भार दाखवणाऱ्या काट्यावर, कान बीमकडे.

"अहो मास्तर, सांगा ना तिला," परीक्षक म्हणाले.

मास्तरांनी उठलेला हात खिशात घातला आणि आत मूठ आवळली.

"बाळा?"

"सळई नाही." ती चाकावरचा हात न हलवता म्हणाली. "काटा बघा. पडला नाही."

मास्तरांनी पाहिलं. सळई तुटली असती तर काटा धाडकन खाली आला असता. तो होता तिथंच होता.

"साहेब," ते जाळीकडे वळून म्हणाले, "चाक तिच्याकडे आहे. थांबायचं का, ते तीच ठरवेल."

परीक्षकांशेजारी उभ्या असलेल्या मॅडमनी जाळीत बोटं अडकवली.

"सतरा."

तिने चाक आणखी थोडं फिरवलं.

"अठरा."

लेकराने अठरा लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग मारलेली रेघ त्याला खोडावी लागली, कारण काटा अजून चढत होता. सव्वा एकोणीसवर तो थरथरला आणि थबकला. पंप कण्हत होता, पण काटा पुढे सरकेना.

"बस," मुलगी स्वतःशीच म्हणाली. तिने चाक उलटं फिरवत भार उतरवला, मास्तरांनी उतरवला असता त्याहून हळू.

बीम धनुष्यासारखा वाकला होता. मोडला नव्हता.

परीक्षक जाळीच्या आत आले. वाकून एकेका चिरेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"मी असतो तर साडेसोळालाच थांबवलं असतं."

"मीसुद्धा," मास्तर म्हणाले, आणि छाती अशी पुढे काढून म्हणाले की जणू चुकण्यासारखा दुसरा पराक्रम नाही.

मंडळी चहाला निघाली. मुलगी डगल्याची बटणं काढत होती. मास्तर बीमपाशीच घोटाळत राहिले. बाकीचे दाराबाहेर जाईपर्यंत ते थांबले.

"तो आवाज," ते हळूच म्हणाले. "कशाचा होता?"

"तारांचा, मास्तर. काँक्रीटला धरून बसलेल्या असतात त्या, आणि एकदम सुटतात. पन्नास, शंभर, एकाच वेळी. म्हणून सळईसारखा वाटतो. पण सळईचा आवाज तिथंच संपतो. याच्यामागे बारीक करकर येते."

"मला नाही ऐकू आली."

तिने चिरेतून डोकावणाऱ्या एका तारेवर बोट ठेवून दाखवलं.

मॅडम दारातून डोकावल्या. "चहा गार होतोय."

"होऊ द्या," मास्तर म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून बीमशेजारी जमिनीवर बसले. "हं, बाळा. पहिल्यापासून सांग."