देवीनं मागितलेला आबा

बेल्ह्याच्या शिवारात मच्छिंद्रचं घर बांधाच्या अलीकडं आणि तो स्वतः पलीकडं, असे दिवस आले होते. घरात त्याची पाच वर्षांची अक्षदा कांजिण्यांनी फुलली होती, आणि बापाला चुलत्याच्या मळ्यातल्या खोलीत हाकललेलं. हाकललं कोणी? बायकोनं, रोहिणीनं.

तिचा तो हक्कच होता म्हणा. मागच्या वर्षी पुण्यात तिनं आपली एक किडनी याला दिली होती. ती परकी किडनी अंगानं झिडकारू नये म्हणून याला रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी रोगाशी झुंजायची ताकदच निजवून ठेवलेली. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मच्छिंद्रच्या धनगरी डोक्यात ते चटकन शिरलं. पाहुणी मेंढी कळपात घेतली, तिला चावू नयेत म्हणून कुत्री बांधून घातली. आता बिबट्या आला तर भुंकणार कोण?

तशा कांजिण्या म्हणजे पोराटोरांचा आजार. येतात नि जातात. पण मच्छिंद्रला त्या कधी आल्याच नव्हत्या. आई म्हाळसाबाई मेंढरांमागं हिंडायची, आणि वाटेतल्या गावात कांजिण्यांची देवी आल्याचं कानावर पडलं की सगळा कळप त्या गावाला वळसा घालून जायचा. लेकराला जपलं बिचारीनं, आणि त्याच्या रक्ताला या रोगाची ओळखच झाली नाही. अक्षदाच्या अंगावर फोड दिसले त्याच दिवशी रोहिणीनं त्याला पुण्याला नेऊन रोग अडवायचं इंजेक्शन टोचून आणलं. पण आदल्या दिवसापर्यंत पोर बापाच्या कुशीत लोळत होती, त्यामुळे रोहिणीचा जीव टांगणीला लागला होता.

मच्छिंद्रचा जीव मात्र बांधापलीकडं. मशिनवर रक्त धुऊन घ्यायच्या दिवसांत त्याला स्वतःचं अंग उचलत नव्हतं, तिथं पोर कुठली उचलणार! किडनी बसली आणि कुठं तिला कडेवर घ्यायला लागला, तर हे असं. वाऱ्यावर तिचं रडणं यायचं नि तो घराकडं तोंड करून बसून राहायचा.

एके सकाळी म्हाळसाबाई बांधावर येऊन ओरडली, "मच्छिंदर! देवी तुला मागतीया रं! तिला नाय म्हणता येत नाय!"

देवी अंगात असताना पोर मागेल ते द्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. मागणारी पोर नसते, देवी असते. चिंच मागितली, चिंच दिली. ऊस मागितला, ऊस दिला. आता तिनं आबा, म्हणजे बापच मागितला होता.

मच्छिंद्र उठला. चपला घालायचंही भान नव्हतं. खोलीच्या दारात त्याची भाकरी घेऊन आलेली रोहिणी उभी.

"सरक."

"नाय."

"लेक हाय माजी."

"आन् पोटात हाय ती किडनी माजी हाय. ती घिऊन कुटं निघाला? मला इचारलं का?"

मच्छिंद्र लहान पोरासारखा रडला. रोहिणीच्याही डोळ्याला धार लागली, पण तिनं दार सोडलं नाही. मग तीच बांध ओलांडून लेकीकडं गेली. काय बोलली कुणास ठाऊक, पोरीचं रडणं थांबलं.

अक्षदाच्या खपल्या गळाल्या. मच्छिंद्रच्या अंगावर एक फोड उठला नाही. डॉक्टरांनी आता भीती नाही म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं रोहिणी त्याला घरी घेऊन आली.

अंगणात अक्षदा उभी होती. बापाला बघून धावली, आणि मध्येच थबकली. दोन्ही हात तिनं पाठीमागं लपवले.

"ये की," मच्छिंद्रनं गुडघे टेकून हात पुढं केले.

"नको. आई म्हणली, मी शिवले तर आबा मरल."

"अगं, आता नाय मरत," रोहिणी घाईघाईनं म्हणाली. "तू बरी झालीस ना!"

पोर जागची हलेना. "मी देवीला सांगितलंय," ती समजूतदारपणे म्हणाली, "मला आबा नको म्हणून. मंग तू जित्ता राहशील."

मच्छिंद्रला पुढं केलेले हात मागं घेता येईनात.