गालिच्यावरचा डाग

बशीरने पांढऱ्या रंगात सरस कालवला आणि नाटकाच्या पडद्यावर रंगवलेल्या गालिच्यावर तिसऱ्यांदा हात फिरवला. काळपट डाग झाकला गेला खरा, पण आता तिथे कुणी राख सांडल्यासारखं दिसू लागलं.

"काऊन बे बशीर, एवढ्या मोठ्या लोकायच्या गालिच्यावर हे काय सांडलं?" नायकाचं काम करणारा मोतीराम हसला.

उद्या महाराष्ट्र दिन. धाड गावच्या मांडवात नाटक होतं आणि त्यात श्रीमंताचा दिवाणखाना हवा होता. देऊळघाटच्या बशीरने आजवर जंगलं आणि राजवाडे रंगवले होते. राजवाडा कुणी पाहिलेला नसतो, म्हणून त्यात चुका निघत नाहीत. दिवाणखान्यासाठी मात्र तो नाटकाचे पुढारी शेषराव पाटील यांच्या घरी एका सकाळी गेला होता आणि दिसलं ते सगळं वहीत उतरवून आला होता.

तरी पडदा जुळेना. खुर्चीची मखमल गडद केली की ती कोळशाची वाटे, समई उजळली की हळद फासल्यासारखी. उजेड कुठून येतो तेच त्याला कळत नव्हतं. तो पुरता गोंधळला होता, आणि घाबरलाही होता. पडदा पसंत पडला नाही तर बुलढाण्याहून भाड्याचा येणार होता. मग पुन्हा बैलांची शिंगंच रंगवायची.

संध्याकाळी शेषराव आले, गॅसबत्ती धरून बघत राहिले.

"माह्या घरी असा डाग नाही बे."

"होता मालक." बशीरने वही उघडली. डाग वहीतही होता.

आता शेषरावही चक्रावले.

"सकाळी ये. दाखव मले."

सकाळी शेषराव दिवाणखान्यात खुर्चीवर बसले होते. बशीर आला, त्या दिवशीसारखाच उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मागून ऊन होतं. गालिच्यावर काळपट डाग पडला, नेमका त्याच जागी. बशीरने वही वर केली, तसा डागालाही हात फुटला.

त्याचं तोंड शरमेने उतरलं.

"माहीच सावली हाये, मालक. आत्ता पुसतो."

"त्या दिवशी किती वेळ उभा होता?"

"दोन घंटे."

"अंदर काऊन नाही आला?"

बशीरची नजर मागे पायरीकडे गेली. चपला त्याने दोन्ही दिवशी पायरीखालीच काढल्या होत्या.

शेषरावांनी गालिच्याकडे पाहिलं. मग उठून त्यांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली.

दुपारी मांडवात पडदा चढला. राखेसारखा दिसणारा पांढरा रंग खरवडून काढलेला होता आणि काळपट डाग पुन्हा जागेवर होता. मोतीराम कपाळावर हात मारत शेषरावांकडे धावला.

"मालक, डाग तं तसाच हाये!"

"राहू दे," शेषराव म्हणाले. "दारात माणूस उभा हाये."