चादरीचे कोपरे

फट्‌!

त्या एका आवाजाने खोलीतली शांतता मोडली, आणि डोळे न उघडताच तिने ओळखलं, आई चादर झटकतेय.

"आई, अगं सहासुद्धा वाजले नाहीत."

"झोप तू. माझं चाललंय."

बावीस वर्षं आईने याच हॉटेलात, याच मजल्यावरचे पलंग आवरले होते. एकावरही कधी टेकली नव्हती. शाळेत कुणी विचारलं की लेक "आई हॉटेलात असते" एवढंच सांगून विषय बदलायची. ते कुसळासारखं सलत राहिलेलं. म्हणून हा बेत, आईला इथेच पाहुणी म्हणून आणायचं. एक दिवस तरी तिने आयतं बसावं. पण कसलं काय! भिंतीला ओल, नळाची पिरपिर, चहा म्हणजे कोमट पाणी.

"चुकलंच माझं," काल लेक म्हणाली होती.

"हॉटेलला नावं ठेवू नकोस गं," आई म्हणाली. "कोपरे बघ तेवढे. माना टाकल्यात बिचाऱ्यांनी."

आता आई गुडघा टेकून त्याच कोपऱ्यांपाशी होती. चादरीची कड तिरकी उचलायची, खालचं टोक गादीखाली सारायचं, मग वरचं सोडायचं, पाकिटाच्या झाकणासारखं.

"तू पाहुणी आहेस ना? बस की जरा."

"बसते. एवढा कोपरा झाला की बसते."

पाच वर्षांची नात टुणकन उठली. "आजी, मला पण आत खोच!"

"ऊठ लबाडे, तुझ्याखालची चादर दे आधी."

शेवटी लेकच दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा.

"ओढ. घाबरतेस काय, फाटणार नाही."

तिने कोपरा दुमडला. आईने तो नीट पाहिला, "छान" म्हणाली, उलगडला आणि पुन्हा घातला. दोघी हसत सुटल्या.

निघताना पेलेसुद्धा पुसून पालथे ठेवले होते. सामान घेऊन त्या लिफ्टपाशी थांबल्या, तेवढ्यात सफाईवाली गाडा ढकलत आली. तिने त्यांच्या खोलीचं दार उघडलं, आत डोकावली आणि मागच्या सोबतिणीला ओरडून म्हणाली,

"अगं, इथे कुणी उतरलंच नाही! पुढची घेऊ."

"अहो बाई," लेक चटकन वळली, "ही माझी आई. बावीस वर्षं इथेच..."

आईने तिचा हात दाबला. "राहू दे. कामात आहे ती."

पण आईची पाठ ताठ झाली होती. लिफ्टची वाटही न पाहता ती जिन्याकडे निघाली, आणि एरवी पायरीपायरीला कुरकुरणारे तिचे गुडघे आज गप्प होते.

चिमुरडीने आपल्या आईचं बोट ओढलं.

"आई, आपण राहिलोच नाही म्हणाली ती. मग आजी एवढी खूश का झाली?"